काटकसरीचें यंत्र आणि घरांतील माणसें

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण लहानपणापासून सर्वांच्या कानीं पडलेली असते. म्हणींतील उपदेश पायांना आहे. अंथरुणाविषयीं ती कांहींच बोलत नाहीं. पण उद्यां कोणी अंथरूणच हातभर लांब करून दिलें, तर पाय पूर्वींच्याच जागीं राहतील, कीं तेहि हातभर पुढें सरकतील? प्रश्न थट्टेचा वाटेल. तरी घरगुती विजेची व इंधनाची बचत व्हावी म्हणून निरनिराळ्या देशांतील सरकारांनीं गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जो अमाप पैसा खर्च केला, त्याचें यशापयश बव्हंशीं याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहिलें आहे.

सरकारचा विचार वरवर पाहतां अगदीं सरळ असतो. समजा, एका घरांतील जुना फ्रीज दिवसाला दोन युनिट वीज खातो आणि नवा फ्रीज तेंच काम एका युनिटांत करतो. तेव्हां नव्या फ्रीजच्या किंमतींत गिऱ्हाइकाला सूट द्यावी, म्हणजे त्या घरीं रोज एक युनिट वांचेल. लाख घरीं लाख युनिट वांचतील. तितका कोळसा जळावयाचा राहील आणि तितका धूर आकाशांत जावयाचा टळेल. या हिशेबांत गुणाकाराची चूक नसते. यंत्र बदललें तरी तें वापरणारीं माणसें पूर्वींप्रमाणेंच वागतील, एवढी एक गोष्ट मात्र त्यांत न बोलतां गृहीत धरलेली असते. आणि घोटाळा होतो तो तेथें.

हा घोटाळा आजकालचा नाहीं. १८६५ सालीं विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें ‘दि कोल क्वेश्चन’ नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ब्रिटनच्या खाणींतील कोळसा किती काळ पुरेल, ही त्या वेळची मोठी चिंता होती. इंजिनें व भट्ट्या दिवसेंदिवस सुधारत आहेत, त्या अर्थीं कोळसा आपोआप कमी लागेल, असें समाधान पुष्कळांनीं करून घेतलें होतें. जेव्हन्सनें तें समाधान पार मोडून काढलें. त्यानें स्कॉटलंडमधील लोखंडाच्या धंद्याचा दाखला दिला. भट्टींत थंड हवेऐवजीं तापविलेली हवा सोडण्याची युक्ति नीलसन यानें १८२८ सालीं काढली होती. अशा सुधारणांमुळें टनभर लोखंडाला लागणारा कोळसा पूर्वींच्या एकतृतीयांशाहूनहि खालीं आला. परंतु १८३० पासून १८६३ पर्यंतच्या काळांत तेथील कोळशाचा एकंदर खप मात्र दसपट झाला. कोळसा थोडा लागूं लागला म्हणून लोखंड स्वस्त झालें, स्वस्त झालें म्हणून त्याला मागणी वाढली, आणि मागणी वाढली म्हणून नव्या भट्ट्या पेटल्या. काटकसरच खपाचें कारण झाली.

घरांतील उजेडाचा इतिहासहि याच जातीचा आहे. रॉजर फूके व पीटर पीअरसन या दोन अभ्यासकांनीं ब्रिटनमधील दिवाबत्तीचा दीर्घ हिशेब २००६ सालीं प्रसिद्ध केला. १८०० सालच्या मानानें २००० सालीं उजेडाची किंमत तीन-हजारांशाहूनहि कमी झाली होती. त्याच अवधींत उजेडाचा माणशीं वापर साडेसहा हजार पट वाढला होता. लोकांची मिळकतहि मध्यंतरीं पुष्कळ वाढली, तेव्हां सगळें श्रेय स्वस्ताईला देतां येणार नाहीं. पण मेणबत्तीच्या काळांत ज्या घरांत एका ज्योतीभोंवतीं सारें कुटुंब बसत असे, त्याच घरांत पुढें जिन्यालाहि स्वतंत्र दिवा आला, ही गोष्ट कोणासहि पटण्याजोगी आहे.

लोखंडाच्या भट्टीचा हा न्याय घरांतील यंत्रांना लावून दाखविला तो डॅनियल खझूम या अर्थशास्त्रज्ञानें, १९८० सालीं. सरकारनें कायद्यानें यंत्रांची कार्यक्षमता वाढविली, तर त्या यंत्राचें काम वापरणाऱ्याला स्वस्त पडूं लागतें. आणि जें स्वस्त पडतें तें माणूस अधिक वापरतो. म्हणून एंजिनियरानें कागदावर काढलेल्या बचतीचा कांहीं भाग परत खर्चाच्या बाजूला जातो. चेंडू भिंतीवर आपटून मागें यावा, तशी ही क्रिया असल्यामुळें इंग्रजी भाषेंत तिला ‘रिबाउंड’ असें नांव पडलें. मराठींत तिला उसळी म्हणावयास हरकत नाहीं.

ही उसळी किती मोठी असते, हा खरा महत्त्वाचा प्रश्न आहे. कारण ती थोडी असेल तर बचतीच्या योजना शहाणपणाच्या ठरतात, आणि पूर्ण असेल तर व्यर्थ. येथें साधें अंकगणित उपयोगी पडतें. साठ वॅटचा जुना दिवा रोज पांच तास जळाला, तर ०.३ युनिट वीज लागते. त्याच्या जागीं नऊ वॅटचा एलईडी दिवा लावला, तर पांच तासांस ०.०४५ युनिट पुरते. घरच्या मंडळींनीं आतां निष्काळजीपणानें तोच दिवा दहा तास जळत ठेवला, तरी खर्च ०.०९ युनिटाच्या वर जात नाहीं. सगळी बचत गिळून टाकावयाची झाल्यास तो दिवा दिवसाकांठीं तेहतीस तास जाळावा लागेल! दिवसाला चोवीसच तास असल्यामुळें एका दिव्यापुरती तरी बचत निश्चित आहे. एकाच्या जागीं सात दिवे लावले, तर मात्र गोष्ट निराळी.

कपडे धुण्याच्या यंत्रासंबंधीं असाच एक चांगला प्रयोग अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत, बर्न नांवाच्या लहानशा गांवीं, १९९७ सालीं झाला. गांवांतील कुटुंबांच्या जुन्या यंत्रांवर आधीं मापें बसवून वापर मोजण्यांत आला. नंतर त्याच कुटुंबांना पाणी व वीज कमी लागणारीं नवीं यंत्रें फुकट देण्यांत आलीं. ल्यूकस डेव्हिस या अर्थशास्त्रज्ञानें २००८ सालीं त्या आंकड्यांची छाननी प्रसिद्ध केली. नवीं यंत्रें आल्यावर लोक पूर्वींपेक्षां सुमारे ५.६ टक्के अधिक कपडे धुऊं लागले, असें तींत आढळलें. उसळी होती, पण लहान होती. कारण धुण्याचा मोठा खर्च विजेचा नसतोच; कपडे गोळा करणें, वाळविणें, घड्या घालणें, यांत जे श्रम व वेळ जातात, ते नव्या यंत्रानें कांहीं कमी होत नाहींत. वीज फुकट झाली म्हणून स्वच्छ धोतर पुनः कोणी धूत नाहीं.

याच्या अगदीं उलट अनुभव मेक्सिको देशाला आला, आणि तो सविस्तर पाहण्यासारखा आहे. २००९ ते २०१२ या काळांत तेथील सरकारनें जुने फ्रीज व एसी बदलून देण्याची प्रचंड योजना चालविली. जुनें यंत्र आणून द्यावें व त्याच्या बदल्यांत नव्या काटकसरी यंत्रावर सूट आणि सवलतीचें कर्ज घ्यावें, असा तिचा प्रकार होता. जुनें यंत्र निदान दहा वर्षांचें व चालू स्थितींत असावें, आणि तें मोडींत काढलें जावें, अशा अटी होत्या. शेवटची अट विशेष शहाणपणाची होती. नवा फ्रीज स्वयंपाकघरांत यावा व जुना बाहेरच्या खोलींत सरबताच्या बाटल्या गार करीत चालूच राहावा, हा प्रकार अनेक देशांत घडत आला आहे. आणि तसें झालें म्हणजे सरकारी सुटीनें विजेची बचत होण्याऐवजीं घरांत एका फ्रीजचे दोन होतात.

एकोणीस लाख कुटुंबांनीं या योजनेचा लाभ घेतला. पुढें ल्यूकस डेव्हिस, ॲलन फुक्स व पॉल गर्टलर या तिघांनीं तेथील घरगुती गिऱ्हाइकांचीं विजेचीं बिलें तपासून २०१४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. फ्रीज बदलणाऱ्या घरीं विजेचा खप आठ टक्क्यांनीं कमी झाला होता. पण आरंभीं जें भाकीत केलें होतें, त्याच्या मानानें ही बचत अवघी चतुर्थांश होती. एसी बदलणाऱ्या घरीं तर याहून चमत्कारिक गोष्ट दिसली. तेथें विजेचा खप कमी न होतां वाढला होता. वीज वांचावी म्हणून सरकारनें जो पैसा दिला, त्यानें वीज अधिक जळाली.

दोन यंत्रांत हा भेद कां पडावा? फ्रीज रात्रंदिवस चालूच असतो. त्याची कळ कोणी दाबीत नाहीं, कीं उघडीत नाहीं. म्हणून तेथें माणसाच्या स्वभावाला वाव थोडा. तरीहि बचत घटली, कारण लोकांनीं घेतलेले नवे फ्रीज आकारानें मोठे होते, बर्फ पाडण्यासारख्या नव्या सोयींनीं सजलेले होते, आणि टाकून दिलेले जुने फ्रीज भाकितांत धरले होते तितके उधळे नव्हते. एसीची गोष्ट वेगळी आहे. त्याची कळ घरच्या माणसाच्या हातीं असते. जुना एसी लावतांना बिलाच्या भीतीनें हात आखडत असे. नवा एसी काटकसरी आहे, हें एकदां मनानें घेतलें, म्हणजे तो हात सैल होतो. समजा, जुनें यंत्र तासाला १.८ युनिट खाई व रोज पांच तास चाले, तर नऊ युनिट होत. नवें यंत्र तासाला १.३ युनिट खातें, पण सात तास चालतें, म्हणजे ९.१ युनिट झाले. यंत्रानें आपलें काम चोख केलें आहे, घरच्या मंडळींनाहि गारव्याचे दोन तास अधिक मिळाले आहेत. फक्त ज्या बचतीसाठीं सूट दिली, ती कोठेंच दिसत नाहीं.

सुटीचा पैसा वाया जाण्याची आणखी एक वाट आहे. ती इतकी साधी कीं, चटकन ध्यानांत येत नाहीं. ज्याचा जुना फ्रीज मोडलाच आहे आणि जो नवा घेण्यास निघालाच आहे, तोहि दुकानांत सूट मागतो व त्याला ती मिळते. अमेरिकेंत २०१० च्या सुमारास अशा सुटीची एक मोठी योजना झाली. सेबास्तियन हूद व जोसेफ ऑल्डी यांनीं तिचा अभ्यास केला, तेव्हां सूट घेणाऱ्यांपैकीं सुमारे सत्तर टक्के लोकांनीं तें यंत्र सुटीशिवायहि घेतलेंच असतें, आणि आणखी पंधरा ते वीस टक्के लोकांनीं केवळ सुटीची वाट पाहत आपली खरेदी कांहीं आठवडे लांबविली होती, असें त्यांना दिसून आलें. येथें कोणी लबाडी केली असें नव्हे. मिळणारा पैसा सोडूं नये, हा गृहस्थधर्मच आहे.

पैसा न देतां नुसती माहिती दिली, तर? तेथेंहि माणसाचा स्वभाव आडवा येतो. कॅलिफोर्नियांतील सॅन मार्कोस गांवीं २९० घरांवर केलेला एक प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. प्रत्येक घराच्या दारावर एक चिठ्ठी अडकविण्यांत आली. तुमच्या घरीं वीज किती खपली व शेजाऱ्यांच्या घरीं सरासरीनें किती खपली, एवढेंच तींत होतें. ज्यांचा खप सरासरीहून अधिक होता, त्यांनीं तो कमी केला. पण ज्यांचा खप मुळांतच कमी होता, ते निर्धास्त झाले व त्यांचा खप वाढला! आपण एकटेच कां मन मारून राहावें, असें त्यांना वाटलें असल्यास नवल नाहीं. गंमत अशी कीं, दुसऱ्या कांहीं घरांच्या चिठ्ठीवर त्याच आंकड्यांशेजारीं एक चेहरा काढला होता. काटकसर करणाराला हंसरा, उधळ्याला रुसलेला. तेथें काटकसरी कुटुंबांचा खप वाढला नाहीं. शाबासकीच्या एका हंसऱ्या चेहऱ्यानें आंकड्यांनीं केलेलें नुकसान भरून काढलें.

एवढ्यावरून एखादा श्रोता म्हणेल, कीं मग लोकच दोषी. त्यांना कितीहि द्या, ते उधळणारच. हा निष्कर्ष अन्यायाचा होईल. थंड देशांतील घरांचे अनुभव पाहिले म्हणजे तें कळतें. ब्रिटनमध्यें मिल्न व बोर्डमन यांनीं २००० सालीं दाखविलें कीं, ज्या घरांतील सरासरी उष्णतामान साडेसोळा अंश असतें, तेथें भिंती-छपरांची सुधारणा केल्यावर होणाऱ्या लाभाचा सुमारे तीस टक्के भाग लोक ऊब वाढविण्याकडे खर्च करतात. घर जसजसें पुरेसें उबदार असेल, तसतसा हा भाग घटतो. म्हणजे उसळी सर्वांत मोठी येते ती कुडकुडणाऱ्या घरांत. जर्मनींतील घरांविषयीं मिन्ना सुनिक्का-ब्लांक व रे गॅल्विन यांनीं २०१२ सालीं याच नाण्याची दुसरी बाजू दाखविली. हिशेबाप्रमाणें घर तापविण्यास जितकें इंधन लागावें, त्याच्याहून लोक सरासरी तीस टक्के कमी जाळत होते, आणि घर जितकें वाईट, तितकी ही तूट मोठी. अशीं कुटुंबें एक-दोन खोल्याच तापवून उरलेल्या बंद ठेवतात, अंगावर लोंकरीचे कपडे चढवितात व दिवस काढतात. जी वीज तीं मुळीं जाळतच नव्हतीं, ती त्यांच्याकडून वांचावी तरी कशी? अशा घरीं सरकारी मदतीनें म्हाताऱ्या माणसाच्या खोलींत ऊब आली आणि बिल होतें तेवढेंच राहिलें, तर तिला उधळपट्टी म्हणणें हें माणुसकीला सोडून होईल. तो त्या पैशाचा सदुपयोगच होय. मात्र त्याची नोंद विजेच्या बचतीच्या खात्यावर न करतां लोकांच्या सुखाच्या व आरोग्याच्या खात्यावर करावयास हवी.

शिवाय प्रत्येक फसलेल्या हिशेबाचें खापर स्वभावावर फोडणेंहि बरोबर नाहीं. अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत गरीब कुटुंबांच्या घरांच्या फटी बुजविणें, भिंतींत उष्णता अडविणारा थर भरणें, जुन्या भट्ट्या बदलणें, हीं कामें सरकारी खर्चानें करून दिलीं जात. मेरेडिथ फाउली, मायकेल ग्रीनस्टोन व कॅथरीन वुल्फ्रम यांनीं तीस हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी करून २०१८ सालीं जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत भाकितांतील बचत प्रत्यक्ष बचतीच्या तिपटीहूनहि मोठी निघाली. लोक आतां घर अधिक तापवीत असतील, हा सहज येणारा संशय. म्हणून घरांतील उष्णतामान मोजण्यांत आलें. तें फारसें वाढलेलें नव्हतें. तेथें स्वभाव निर्दोष होता, चूक भाकिताचीच होती. आणखी एक गोष्ट दिसली. सुधारणा सर्वस्वीं फुकट होती, घरोघर जाऊन व पुनःपुनः विनवून सांगण्यांत आलें होतें, तरी ज्यांना विनविलें त्यांपैकीं सुमारे सहा टक्के कुटुंबांनींच ती करून घेतली. अर्ज, कागदपत्रें, घरांत येणारे परके कामगार, हाहि एक खर्चच आहे. तो सरकारच्या वहींत दिसत नाहीं, इतकेंच.

उलट बाजूनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, उसळी सहसा सगळी बचत गिळीत नाहीं. स्टीव्ह सॉरेल यांच्या प्रमुखत्वाखालीं ब्रिटनमध्यें २००७ सालीं उपलब्ध पुराव्याचा मोठा आढावा घेण्यांत आला. श्रीमंत देशांतील घरें तापविण्याच्या व थंड करण्याच्या बाबतींत प्रत्यक्ष उसळी बहुधा तीस टक्क्यांच्या आंत असावी, असा त्याचा अंदाज आहे. शंभरांतून तीस गेले, तरी सत्तर उरतात. काटकसरीचीं यंत्रें टाकाऊ आहेत, असा या सर्व विवेचनाचा अर्थ कोणीं करूं नये.

आपल्या देशाला हा विचार दूरचा नाहीं. ५ जानेवारी २०१५ रोजीं भारत सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि पुढील कांहीं वर्षांत तिच्यामार्फत ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे घरोघर पोंचले. घाऊक खरेदीमुळें दिव्याची किंमत इतकी उतरली कीं, पुढें सवलतीचीहि गरज उरली नाहीं. हें यश मोठेंच आहे, आणि वर दिलेल्या अंकगणिताप्रमाणें त्यांतील बचत खरी असणार. पण या बचतीचे जे आंकडे सांगितले जातात, ते दिव्यांची संख्या, वांचणारे वॅट व धरलेले तास यांच्या गुणाकारानें काढलेले असतात. छताच्या कडेनें रात्रभर तेवणारे नवे दिवे त्या गुणाकारांत कोठेंच बसत नाहींत.

दिव्याहून मोठी परीक्षा एसीची आहे. मार्च २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या भारताच्या शीतकरण आराखड्यांत, एसी असलेलीं घरें त्या वेळीं शेंकडा आठच असल्याचें नमूद आहे, व १९३७-३८ नव्हे, तर २०३७-३८ पर्यंत हें प्रमाण शेंकडा चाळीसपर्यंत जाईल, असा अंदाज त्यांत केलेला आहे. उन्हाळ्याच्या काहिलींत प्रथमच गारवा अनुभवणाऱ्या कुटुंबाला तो अधिक वापरूं नका, असें सांगण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. पण ज्यांच्या घरीं तो पूर्वींपासून आहे, त्यांची गोष्ट वेगळी. एसीचें उष्णतामान एक अंशानें वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वांचते, असें ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो ही सरकारी संस्था सांगते. जानेवारी २०२० पासून तारांकित एसी चालू करतांच तो चोवीस अंशांवरच सुरू व्हावा, असा नियमहि झाला. या नियमांतील मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. तो कोणाची कळ हिरावून घेत नाहीं. अठरा अंश हवे असतील त्यानें खुशाल कळ दाबावी. फक्त काटकसर होण्यास कांहींच करावें लागूं नये आणि उधळपट्टी करण्यास मात्र हात हलवावा लागावा, अशी त्यानें व्यवस्था केली आहे. स्वभावाशीं भांडण्यापेक्षां त्याला सोबत घेऊन जाण्याचा हा मार्ग आहे.

सरकारनें यापुढें सूट यंत्राच्या तारे पाहून द्यावी कीं मीटर पाहून द्यावी, याचा विचार राज्यकर्ते करोत. घरापुरता निर्णय करण्यास मात्र कोणाची वाट पाहावयास नको. नवें काटकसरी यंत्र घरांत आल्यावर गेल्या उन्हाळ्यांतील व या उन्हाळ्यांतील त्याच महिन्याचीं बिलें शेजारींशेजारीं ठेवावींत, आणि रुपये न पाहतां युनिट पाहावे; कारण दर बदलत असतात, युनिट तेवढे खरें बोलतात. आंकडा उतरला असेल तर यंत्रानें व माणसांनीं मिळून बचत केली. तेवढाच राहिला असेल, तर ती बचत घरानें सुख म्हणून वापरली. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं, पण तें समजून-उमजून केलेलें असावें. आणि आंकडा वाढला असेल, तर अंथरूण केवढें झालें आहे हें एकवार मोजून मग पाय किती पसरावयाचे, तें घरच्या मंडळींनींच बसून ठरवावें.